अनेक सभा, एक कागद



कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाचा अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षांच्या व्यंगचित्रांशी काय संबंध, असा प्रश्न आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. आम्ही इतिहास विद्यापीठात शिकलो नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत, पुढे रात्रशाळेत आणि बाकीचे सगळे सार्वजनिक वाचनालयात झाले. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. ज्याचे इंग्रजी असे चाचपडत चालते त्याला पुस्तकातला मजकूर जड जातो आणि चित्र मात्र लगेच हाती लागते. अमेरिकेतल्या जुन्या निवडणुकांची ही चित्रे अशीच आमच्या हाती लागली, आणि त्यांनी आम्हांला आमच्याच धंद्यातला एक प्रश्न विचारला. तो आपल्यापुढे मांडावा, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रश्न असा : पुढारी निरनिराळ्या श्रोत्यांपुढे निरनिराळे बोलतो, यात गैर काय? शेतकऱ्यापुढे पावसापाण्याचे बोलावे, व्यापाऱ्यापुढे भावाचे बोलावे, हा तर साधा व्यवहार झाला. आम्ही स्वतः कारखान्याच्या गेटसभेत जसे बोलतो तसे कामगार न्यायालयात बोलत नाही, आणि न्यायालयात बोलतो तसे वाटाघाटीच्या टेबलावर बोलत नाही. तेव्हा जो भाषा बदलतो तो लबाड, असे म्हणता येणार नाही. परंतु आपल्या मराठीत 'शब्द' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक बोलण्यातला शब्द, आणि दुसरा दिलेला शब्द. पहिला प्रसंगाप्रमाणे बदलावा. दुसरा बदलू नये. पुढारी सभेगणिक नेमके काय बदलतो, भाषा की दिलेला शब्द, हे ओळखणे हा सगळा मुद्दा आहे.

आणि ते ओळखणेच कठीण. कारण एका सभेतला श्रोता दुसऱ्या सभेत नसतो. प्रत्येकाला आपल्यापुरते भाषण ऐकू येते आणि प्रत्येक जण समाधानाने घरी जातो. व्यंगचित्रकार काय करतो, तर या सगळ्या सभा एका कागदावर आणून बसवतो. पुढारी तोच, वेळही तीच, आणि समोर सगळे श्रोते एकाच वेळी बसलेले. मग पुढाऱ्याची जी तारांबळ उडते तिलाच आपण हसतो. या दृष्टीने अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातल्या तीन राष्ट्राध्यक्षांची चित्रे पाहू.

पहिला राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर. मेक्सिकोवरच्या युद्धात नाव कमावलेला हा सेनापती १८४८ साली व्हिग पक्षाचा उमेदवार झाला. त्या वेळी अमेरिकेत एकच प्रश्न धगधगत होता : मेक्सिकोकडून मिळालेल्या नव्या मुलखात गुलामगिरी चालू द्यायची की नाही? टेलर स्वतः दक्षिणेतला मळेवाला, शंभराहून अधिक गुलामांचा मालक. दक्षिणेतल्या मतदाराला सांगण्यात आले, की हा आपल्यातलाच आहे, त्याच्या हातून आपले वाकडे होणार नाही. उत्तरेतल्या मतदाराला सांगण्यात आले, की हा काँग्रेसच्या कायद्यांच्या आड येणारा नव्हे, तेव्हा काँग्रेसने गुलामगिरीला बंदी केली तर तो ती मोडणार नाही. पक्षाने त्या वर्षी जाहीरनामाच काढला नाही. जाहीरनामा म्हणजे सगळ्या श्रोत्यांना एकदम दिलेला शब्द, तोच टाळला. न्यूयॉर्कच्या नॅथॅनियल करिअर या छापखानेवाल्याने त्याच वर्षी एक शिळाछाप चित्र विकायला काढले. त्यात या 'अनेक पक्षांच्या उमेदवारा'ला खुर्चीवर बसवून त्याचे डोके चाचपून पाहिले जात आहे. कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगणारे तथाकथित शास्त्र त्या काळी जोरात होते. टेलरसाहेबांची तत्त्वे बोलण्यातून काही कळत नाहीत, तेव्हा निदान कवटीवर तरी सापडतात का, हा त्यातला टोमणा.

टेलर निवडून आला. १८५० साली त्याच करिअरने दुसरे चित्र काढले. एक मोठा तराजू, आणि त्याच्या माथ्यावर टेलर उभा. एका हातातल्या वजनावर नव्या मुलखात गुलामगिरी नको म्हणणाऱ्या तरतुदीचे नाव, दुसऱ्या हातातल्या वजनावर दक्षिणेच्या हक्कांचे. खाली दोन पारड्यांत काँग्रेसचे सभासद बसले आहेत. एकीकडे हेन्री क्ले, दुसरीकडे कॅल्हून आणि कॅस. पारडी अगदी समतोल. टेलर फुशारकीने विचारतो, की मी पक्षपात करतो असे म्हणण्याची आता कोणाची छाती आहे? सभासदांचेही काही बिघडलेले नाही, कारण त्यांना रोजचा आठ डॉलर भत्ता मिळतो आहे, आणि चित्रातला एक जण तेच गुणगुणतो.

हे चित्र आम्ही पुष्कळदा पाहिले आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट मनाला लागली. त्या वर्षीच्या खानेसुमारीत अमेरिकेत ३२ लाख गुलाम मोजले गेले. ज्यांच्यावरून हा तराजू टांगला त्यांच्यापैकी एकही माणूस त्या पारड्यांत नाही. टेलरबद्दल न्यायाने बोलायचे तर सत्तेवर आल्यावर त्याने, कॅलिफोर्नियाला गुलामगिरीवाचूनच राज्य म्हणून घ्यावे, अशी भूमिका घेतली आणि दक्षिणेचे पुढारी संतापले. म्हणजे दोन्ही वजने दोन हातांत सदा धरता येत नाहीत हे त्यालाही कळून चुकले. पण त्या जुलैत तो वारला. सप्टेंबरात दोन्ही बाजूंची तडजोड झाली, आणि तिच्यातच पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कडक कायदा झाला. समतोल साधला गेला, आणि त्याची किंमत पारड्यात नसलेल्यांनी मोजली. व्यंगचित्र पाहताना नुसते कोण दिसते ते पाहू नये, कोण दिसत नाही तेही पाहावे, हे आम्ही या चित्रापासून शिकलो.

दुसरा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन. हा माणूस खरे तर आमच्या जातकुळीचा. धंद्याने शिंपी. शाळेचे तोंड पाहिले नाही; लिहिणे-हिशोब पुढे बायकोच्या मदतीने पक्के केले. गरिबीतून वर आलेल्या या माणसाने १८६४ च्या ऑक्टोबरात नॅशव्हिल गावी काळ्या लोकांच्या मोठ्या जमावापुढे, मी तुमचा मोझेस होईन, असा शब्द दिला. बायबलातल्या मोझेसने आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढले, ही कथा त्या जमावातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. तेव्हा हा शब्द किती मोठा ते लक्षात घ्या. पुढच्या एप्रिलात लिंकनचा खून झाला आणि उपाध्यक्ष असलेला जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. मग त्याने बंडखोर मळेवाल्यांना माफीपत्रे वाटली, आणि १८६६ साली मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीचा कायदा व नागरी हक्कांचा कायदा यांवर नकाराधिकार वापरला. त्याच वर्षी मे महिन्यात मेंफिसला आणि जुलैत न्यू ऑर्लिन्सला काळ्या लोकांच्या कत्तली झाल्या.

थॉमस नॅस्ट हा चित्रकार त्या वेळी 'हार्पर्स वीकली'त काढत असे. १ सप्टेंबर १८६६ च्या अंकात त्याने एक मोठे चित्र दिले. त्यात जॉन्सन हा शेक्सपिअरच्या नाटकातला इयागो, म्हणजे मित्र म्हणून खांद्यावर हात ठेवणारा आणि पाठीमागे घात करणारा. आणि ऑथेल्लो म्हणजे युद्धात जखमी झालेला एक काळा शिपाई. भोवती मेंफिस आणि न्यू ऑर्लिन्स यांची दृश्ये. खाली हाच राष्ट्राध्यक्ष गारुडी बनून पुंगी वाजवतो आहे आणि साप एका काळ्या माणसाला विळखा घालत आहेत. वचन आणि वर्तन यांत दोन वर्षांचे अंतर पडले होते. नॅस्टने ते अंतर पुसून टाकले.

याच सुमारास जॉन्सन आपली बाजू लोकांपुढे मांडायला आगगाडीने निघाला. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गावोगाव भाषणे झाली. एक मौज पाहा. गावे वेगळी असली तरी तो बहुतेक ठिकाणी तेच भाषण करी : मी शिंपी होतो, मी पायरीपायरीने वर आलो, मी देशासाठी किती सोसले. आधीच्या गावचे भाषण तारेने पुढच्या गावच्या वर्तमानपत्रात पोहोचलेले असे, आणि तिथले लोक उत्तरे तयार ठेवून सभेला येत. क्लीव्हलंडला त्याचा तोल गेला आणि तो विरोधकांना फाशी देण्याची भाषा बोलला. २७ ऑक्टोबरच्या अंकात नॅस्टने त्या दौऱ्याचीच चित्रमाला काढली. मधोमध जॉन्सन, डोक्याभोवती संताचे तेजोवलय. देशासाठी माझ्याहून जास्त कोणी सोसले, असे तो विचारतो आहे, आणि भोवती त्याच्या एकेका सभेतला तमाशा. त्या निवडणुकीत विरोधकांना दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांशाहून अधिक जागा मिळाल्या. १८६८ साली त्याच्यावर महाभियोग चालला तेव्हा एक कलम चक्क या भाषणांबद्दल होते. तो सुटला, पण एका मताने.

गरिबीतून वर आलेला पुढारी आपली गरिबी प्रत्येक सभेत सांगतो, तेव्हा ती खरीच असते. जॉन्सनचे शिंपीपणही खरे होते. पण गरिबी हा पुढाऱ्याचा दाखला आहे, त्याने दिलेल्या शब्दाची फेड नव्हे. आपल्यातलाच आहे म्हणून हिशोब न विचारणे, हे आपण कामगारांनी तरी करू नये.

तिसरा राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली. याची तऱ्हा सगळ्यांत निराळी. १८९६ च्या निवडणुकीत तो ओहायोतल्या कँटन गावी आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिला आणि मतदारच त्याच्याकडे आले. रेल्वे कंपन्यांनी तिकिटांत सवलत दिली. पोलाद कामगार एका गाडीने, शेतकरी दुसऱ्या गाडीने, जुने सैनिक तिसऱ्या गाडीने. मिळून साडेसात लाख माणसे त्या ओसरीपुढे येऊन गेली असे सांगतात. प्रत्येक जथ्याचा म्होरक्या काय बोलणार ते आधीच मागवून तपासले जाई आणि त्याला साजेसे उत्तर तयार असे. प्रत्येक श्रोत्याला त्याच्या धंद्याचा दाखला, पण औषध सर्वांना एकच : परदेशी मालावर जकात आणि सोन्याचे नाणे. म्हणजे मॅकिन्लीने भाषा बदलली, दिलेला शब्द बदलला नाही. मग व्यंगचित्रकाराला जागा कुठे उरली?

जागा उरली, कारण एक श्रोता त्या ओसरीवर कधी आलाच नाही. त्याला यायची गरज नव्हती. प्रचाराची सूत्रे मार्क हॅना या कारखानदाराच्या हाती होती आणि त्याने बँका व मोठ्या कंपन्यांकडून त्या काळी न ऐकलेला निधी जमवला; सुमारे ३५ लाख डॉलर हा आकडा सर्वमान्य आहे. हर्स्ट यांच्या 'न्यूयॉर्क जर्नल'मध्ये होमर डेव्हनपोर्टने हॅनाला डॉलरच्या खुणांनी भरलेला पोशाख चढवला. १९०० साली मॅकिन्ली दुसऱ्यांदा उभा राहिला, तेव्हा त्याच पत्रात फ्रेडरिक ऑपरने एक मालिका चालवली. तिच्यात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली म्हणजे विली नावाचे लहान पोर, त्याचा बाप म्हणजे मक्तेदार कंपन्यांचा लठ्ठ संघ, आणि पोराला सांभाळणारी दाई म्हणजे हॅना. ओसरीवर जो प्रत्येकाशी मोठ्या माणसासारखा बोलतो, तो घरात गेल्यावर कोणापुढे लहान होतो, हे ऑपरने दाखवले.

त्या निवडणुकीत मॅकिन्लीच्या पक्षाचे बोधचिन्ह काय होते, तर कामगाराचा भरलेला जेवणाचा डबा. भिंतीवर डबा, फलकावर डबा. आमचे राज्य म्हणजे तुमचा डबा भरलेला, असा त्याचा अर्थ. आणि नेमक्या त्याच वेळी, १७ सप्टेंबर १९०० रोजी, पेनसिल्व्हेनियातल्या दगडी कोळशाच्या खाणींत जॉन मिचेल यांच्या युनियनने संप पुकारला. पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन, इटालियन असे नाना भाषांचे लाखावर खाणकामगार बाहेर पडले. फलकावरचा डबा भरलेला आणि खाणीतला रिकामा, असे दोन डबे एकाच वर्तमानपत्रात शेजारी शेजारी येऊ लागले. हॅना घाबरला. मतदान नोव्हेंबरात होते. त्याने खाणी ज्यांच्या ताब्यात होत्या त्या रेल्वे कंपन्यांवर दडपण आणले, आणि ऑक्टोबर संपण्याच्या आत १० टक्के पगारवाढ जाहीर झाली. २९ ऑक्टोबरला संप मिटला. युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही, आणि १९०२ साली त्यांना पुन्हा, याहून मोठा संप करावा लागला.

मित्रहो, या प्रकरणाकडे नीट पाहा. व्यंगचित्र जे कागदावर करते, तेच त्या खाणकामगारांनी जमिनीवर केले. राज्यकर्त्याचे दोन श्रोते, एक भाषण ऐकणारा आणि एक पैसा देणारा, यांची त्यांनी एकाच दिवशी गाठ घालून दिली. चित्राने हसू येते. ती गाठ संघटनेने घातली, तर पगारवाढ येते.

आमच्या अनुभवातला एक लहानसा दाखला देतो. एका इंजिनिअरिंग कारखान्यात, त्याचे नाव येथे नको, बोनसची बोलणी चालू होती. व्यवस्थापनाने कामगारांना कँटीनमध्ये बोलावून सांगितले, की ऑर्डरी नाहीत, यंदा सर्वांनी पोटाला चिमटा घ्यावा. आमच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी त्या कंपनीचे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी वार्षिक अहवाल आला. त्यात ऑर्डरी भरपूर असल्याचे आणि लाभांश वाढवल्याचे छापलेले. रात्रपाळीतल्या एका हेल्परने पुठ्ठ्यावर खडूने चित्र काढले : एकच साहेब, डाव्या हाताने कामगाराला रिकामा डबा उघडून दाखवतो आणि उजव्या हाताने भागधारकाला भरलेले ताट वाढतो. आम्हांला विचारू लागला, "भाऊ, खाली काय लिहू?" आम्ही म्हणालो, "काही लिहू नकोस. शेजारी अहवालाचे पान तेवढे लाव." करार त्या चित्राने झाला नाही, त्याला तीन महिन्यांच्या वाटाघाटी लागल्या. पण त्या दिवसानंतर 'ऑर्डरी नाहीत' हे वाक्य टेबलावर पुन्हा आले नाही.

आता व्यंगचित्रकाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान एकतर्फी होईल. चित्रकारालाही श्रोते असतात, आणि मालकही असतो. ऑपरचा मालक हर्स्ट हा मॅकिन्लीच्या प्रतिस्पर्ध्याचा पाठीराखा होता. आणि नॅस्ट? ज्याने १८६६ साली काळ्या शिपायाची बाजू घेतली, त्याच नॅस्टने १४ मार्च १८७४ च्या अंकात दक्षिणेतल्या विधिमंडळातले काळे सभासद विद्रूप चेहऱ्यांचे आणि भांडखोर असे रंगवले. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला त्याने कामगारांच्या कैवाऱ्याचे चित्र काढले. त्यात मजुराला भुलवायला आलेली चळवळ म्हणजे हाडांचा सांगाडा. 'हार्पर्स वीकली' विकत घेणाऱ्या घरांतले वारे बदलले होते, मंदी आली होती, बेकार रस्त्यावर येत होते. चित्रकाराची लेखणीही वळली. तेव्हा राष्ट्राध्यक्षाला विचारायचा प्रश्न चित्रकारालाही विचारावा : तुझा शब्द सगळ्या श्रोत्यांपुढे तोच राहतो का?

आणि तो प्रश्न आम्हा संघटनेच्या पुढाऱ्यांनाही सुटत नाही. आज एकाच कारखान्यात कायम कामगार असतात आणि कंत्राटी कामगार असतात. कायम कामगारांच्या सभेत सांगायचे, की तुमच्या जागांना धक्का लागू देणार नाही. कंत्राटींच्या सभेत सांगायचे, की तुम्हांला कायम करून घेऊ. दोन्ही सभांत टाळ्या पडतात. पण जागा मोजक्या असतील तर हे दोन शब्द एकमेकांशी भांडतात. म्हणून आमच्या युनियनमध्ये रिवाज असा, की मागण्यांचा मसुदा दोन्ही प्रकारच्या कामगारांना एकत्र बसवून वाचायचा. टाळ्या कमी पडतात, कुरबूर जास्त होते, कधी सभा रात्री उशिरापर्यंत लांबते. पण त्या सभेतून उठलेला शब्द दुसऱ्या दिवशी गेटवर फिरवावा लागत नाही.

कोणी म्हणेल, आता या जुन्या चित्रांचे काय? आज भाषण संपण्याच्या आत ते प्रत्येकाच्या फोनवर पोहोचते, मग दोन सभांत दोन बोलणार कोण? आम्हांला तसे वाटत नाही. भाषण पोहोचते हे खरे. पण त्याचा कोणता तुकडा कोणाच्या फोनवर पाठवायचा हेही आज ठरवता येते. शेतकऱ्याला एक तुकडा, दुकानदाराला दुसरा, तरुणाला तिसरा. आणि शेजाऱ्याला कोणता आला ते आपल्याला दिसत नाही. कँटनच्या ओसरीपुढे निदान पन्नास माणसे एकत्र उभी असत. आज प्रत्येकासाठी वेगळी ओसरी बांधता येते. सगळे श्रोते एका कागदावर आणणाऱ्याची गरज कमी झाली नाही, वाढली आहे.

ते काम एकट्या चित्रकारावर सोपवून भागणार नाही. आपण प्रत्येकाने ते थोडे थोडे करायचे आहे. पुढाऱ्याचे भाषण आवडले, की टाळी जरूर वाजवावी. मग घरी जाताना आपल्याहून निराळ्या धंद्याच्या, निराळ्या वस्तीतल्या एखाद्या माणसाला गाठून विचारावे, की तुम्हांला काय सांगितले? दोन्ही उत्तरे शेजारी मांडावीत. भाषा वेगळी निघाली तर काही बिघडले नाही. शब्द वेगळा निघाला, तर पुढच्या सभेला दोघांनी मिळून जावे आणि पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसावे.